फ्रिज सोडून सगळं

आमच्या घरात ते ॲप आलं तेव्हा सगळ्यात जास्त नाक मुरडलं मी, आणि सगळ्यात जास्त त्याच्या नादी लागले नाना. नाना म्हणजे माझे सासरे. रेल्वेत गार्ड होते. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायचा आणि बंद झाला का ते वळून परत बघायचं, अशी त्यांची जन्माची सवय. अशा माणसाच्या हाती वीज वाचवायचं ॲप देणं म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. सासऱ्यांबद्दल असं बोलू नये, पण बोलले.

ॲप आणलं माझ्या लेकीनं, देवश्रीनं. चौबे कॉलनीत आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांनी ते घेतलं होतं आणि कोणाच्या घरी किती बचत झाली ते दर रविवारी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर झळकायचं. आमचं घर खालून दुसरं आलं. नानांना ते लागलं. मग घरातल्या प्लगांवर पांढऱ्या डब्या बसल्या, पंखे आणि ट्यूबलाईटच्या बोर्डांमागेही काहीतरी बसलं, आणि सगळं घर फोनवरून चालूबंद व्हायला लागलं. नानांची नजर अधू, म्हणून देवश्रीनं त्यांच्या फोनवर ॲपला बोलायला लावलं. ती बया हिंदीतून बोलायची. "बधाई हो, आज आपने कल से कम बिजली खर्च की." नाना असे खूश व्हायचे की विचारू नका.

आता नानांचं सांगते, कारण सगळं तिथंच अडकलेलं आहे. मागच्या हिवाळ्यात त्यांची फुप्फुसं इतकी बिघडली की दवाखान्यातून घरी आणताना सोबत हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आणावं लागलं. विजेवर चालणारं, खाली चाकं असलेलं, आमच्या धुण्याच्या टोपलीएवढं. त्याची नळी नाकात घालून नाना दिवसरात्र पलंगावर. नळी लांब होती, बाथरूमपर्यंत पुरायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मशीन थोडा वेळ बंद राहिलं तर चालेल, जास्त वेळ नाही. घरात इन्व्हर्टर होता, त्यामुळे लाईट गेली तरी काळजी नव्हती. ऑक्सिजनचा जास्तीचा सिलिंडर आम्ही परत करून टाकला.

त्या मशीनलाही पांढरी डबी लागली. हट्ट नानांचाच. "मी किती युनिट खाऊन राहिलो ते तरी समजू दे मले," म्हणाले. मी चिडले. माणसाच्या श्वासाचा कोणी हिशेब ठेवतं का? पण शिशिर म्हणाले, "असू दे ना, त्यांना तेवढाच टाईमपास." शिशिर माझे यजमान. घरात कोणाचंही भांडण असो, "असू दे ना" हे त्यांचं ठरलेलं.

मग एके दिवशी देवश्रीला ॲपमध्ये 'खाली घर' नावाची सोय सापडली. घरातले सगळे फोन बाहेर गेले की ॲप समजणार, घरात कोणी नाही. अर्धा तास वाट बघणार आणि चालू राहिलेलं सगळं बंद करून टाकणार.

"आणि नाना?" मी विचारलं. "नाना तर घरीच असतात."

"मम्मी, नाना का फोन भी तो घर में रहेगा ना," देवश्री म्हणाली. ती मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. "फोन घर में मतलब नाना घर में. जब तक वो हैं, कुछ बंद नहीं होगा."

पटण्यासारखंच होतं. नाना महिनोन्महिने उंबऱ्याबाहेर पडलेले नव्हते आणि फोन त्यांच्या गळ्यात दोरीनं लटकलेला असायचा, झोपेतसुद्धा.

"कोई चीज़ है जो कभी बंद नहीं करनी?" देवश्रीनं विचारलं.

"फ्रिज," मी म्हणाले. "फ्रिजले हात लावशील तर पाहून घे. दूध नासलं तर तुलेच पाजीन."

ती हसली आणि फ्रिज कायमचा चालू करून टाकला. मग पलंगावरून नाना म्हणाले, "अन् ते इंटरनेटचं डबडं? घरात कोणीच नाही तर इंटरनेट कोणाले पायजे?" त्यांचं म्हणणं सगळ्यांना इतकं आवडलं की राउटरही बंद होणाऱ्या वस्तूंच्या यादीत गेला. पुढच्या रविवारी आमचं घर वरून तिसरं आलं.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे त्या बसतात ब्राह्मणपाऱ्यात, नानांच्या मोठ्या बहिणीकडे. अंजनाबाई त्यांचं नाव, आम्ही सगळे आत्याबाई म्हणतो. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, आणि संध्याकाळी आरती. ती आरती म्हणायची नानांनी, हा त्या घरचा रिवाज. रेल्वेच्या शिट्टीसारखा आवाज होता त्यांचा. मुखवट्यांसमोर ताट धरून उभे राहिले की मागच्यांना नुसत्या टाळ्या वाजवायचं काम उरायचं. यंदा ते जाऊ शकणार नव्हते.

मी निघताना त्यांच्या पलंगाशी गेले. देवश्री तिच्या गाडीवर आधीच पुढे गेली होती, शिशिर फाटकात स्कूटर काढून उभे होते.

"सूनबाई," नानांनी गळ्यातली दोरी काढली आणि फोन माझ्या हातात दिला. "याच्यात फोटो साफ येते. आरती पूर्ण घेऊन ये. पयल्या ओळीपासून."

"माझा फोन आहे ना, नाना."

"तुझ्यातलं मले दिसत नाही. याच्यात मोठं दिसते. अन् तुझ्या फोनवरून माझ्यावर पाठवत बसशील, ते जमत नाही तुले."

ते खरं होतं. मला ते जमत नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. मी फोन पर्समध्ये टाकला. पाणी हाताशी ठेवलं, नळी नीट केली. दाराला बाहेरून कुलूप लावलं, तेही नानांच्याच सांगण्यावरून. सणासुदीचे दिवस, चोऱ्या होतात, आणि बेल वाजली की त्यांना उठावं लागतं. मशीन घुरघुरत होतं. मी त्या आवाजाकडे लक्षही दिलं नाही, इतका तो घरचा झाला होता.

ब्राह्मणपाऱ्यात पोचायला वेळ लागला. गणपतीचे मांडव, रस्त्यात खुर्च्या, रोषणाई बघायला निघालेली माणसं. आत्याबाईंच्या दारातच त्यांची टोपली होती. महालक्ष्म्यांसमोर फोन चालत नाहीत, सगळ्यांनी आपापला टोपलीत टाकायचा आणि प्रसाद घेऊन निघताना उचलायचा. शिशिर आणि मी फोन टाकले, देवश्रीचा तिथं आधीच होता. नानांच्या फोनला मात्र आत्याबाईंनी सूट दिली. "भाऊ येऊ नाही शकला, फोन तरी येऊ दे," म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

आरतीला सुरुवात झाली. नानांऐवजी शिशिरनी ताट धरलं होतं. आवाज यथातथाच. मी फोन उंच धरून चित्रण करत होते. दोन्ही मुखवट्यांवर निरांजनाचा उजेड पडला होता आणि मी मनात म्हणत होते, नाना, बघा, नथ किती छान दिसते आहे.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन बोलला. मोठ्यानं, टाळ्यांच्या वरून.

"घर में कोई नहीं है. सब उपकरण बंद कर दिए गए हैं. शाबाश!"

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "प्रमोदिनीच्या घरची लक्ष्मी बोलून राहिली वाटते!" प्रमोदिनी म्हणजे मीच, आणि मीही हसले. मूर्खासारखी हसले. आणि मग 'घर में कोई नहीं है' हे शब्द माझ्या डोक्यात शिरले. घरात नाना होते. ॲपला ते कसं कळणार? ते त्यांना ओळखतच नव्हतं. ते ओळखत होतं माझ्या हातातला फोन.

"शिशिर!" मी ओरडले. आरती थांबली. "नानांचं मशीन बंद झालं!"

देवश्री पांढरीफटक पडली. तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती टोपलीवर झेपावली, सगळ्यांचे फोन इकडेतिकडे करत स्वतःचा काढला. घाईत फोन उघडेना. उघडला. मशीनच्या चित्रावर बोट दाबलं. परत दाबलं.

"ऑफलाइन," ती म्हणाली. "मम्मी, सब ऑफलाइन दिखा रहा है."

"म्हणजे काय? चालू कर ना!"

"नहीं होगा. राउटर भी बंद हो गया. घर में इंटरनेट ही नहीं है, वहाँ तक कुछ पहुँचेगा ही नहीं."

इंटरनेट कोणाले पायजे, असं नाना म्हणाले होते आणि आम्ही टाळ्या पिटल्या होत्या. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा, आणि तो उचलायला कोणी नाही. नानांना फोन करावा, तर त्यांचा फोन माझ्या मुठीत. घरात दुसरा फोन नव्हता.

शिशिरनी शेजारच्या साहू भैयांना फोन लावला. ते घरी होते, देवाची कृपा. "हव, जाथौं," म्हणजे हो, जातो, असं म्हणत चप्पल न घालताच धावले असावेत, कारण फोनवर त्यांचा धापा टाकण्याचा आवाज येत होता. मग दार ठोकल्याचा आवाज. "नाना! ओ नाना!" परत ठोकलं. मागं कुठल्याशा मांडवातला ढोल.

"भैया, बाहर से ताला है," साहू भैया म्हणाले. "घंटी नहीं बज रही. खिड़की से अंधेरा दिख रहा है. नाना आवाज नहीं दे रहे."

"तोडा!" मी शिशिरच्या हातातून फोन ओढला. "ताला तोड दीजिए भैया, जो लगे वो तोडिए!"

"दीदी, लोहे की जाली है. हथौड़ी देखता हूँ."

आम्ही स्कूटरवर बसलो. देवश्री तिच्या गाडीवर मागून. तात्यापाऱ्याच्या वळणावरच अडकलो. पुढे मांडव, मांडवापुढे माणसं, माणसांपुढे आइस्क्रीमच्या गाड्या. शिशिर हॉर्न वाजवत होते आणि कोणी ढिम्म हलत नव्हतं. मी मागून ओरडत होते, "भैया, बाजू हटो, घर में पेशंट है!" एका माणसानं वळून बघितलं. माझ्या नाकात नथ, अंगावर भरजरी साडी, दंडात वाकी. त्याला वाटलं असेल, बाई नाटकाला निघाली आहे.

मला सगळ्यांचा राग आला. देवश्रीचा आला, असलं थेर घरात आणलं म्हणून. नानांचा आला, पै पै करत राहिले म्हणून. शिशिरचा तर सगळ्यात जास्त, कारण ते हाताशी होते. "असू दे, असू दे करत बसता! मी म्हटलं होतं त्या डब्या नको! म्हटलं होतं की नाही?" मी त्यांच्या पाठीवर बुक्की मारली. खरंच मारली, भर रस्त्यात. ते हॉर्न वाजवत राहिले. मानेवरून घाम वाहत होता. माणूस बाप मरतो आहे का या विचारानं गाडी चालवत होता आणि मी त्याला मारत होते.

आझाद चौक सुटला. आमापाऱ्याला सिग्नल तोडला. साहू भैयांचा फोन आला, मी कानाशी धरला.

"दीदी, ताला नहीं टूट रहा. पीछे की तरफ जा रहा हूँ."

"आवाज? काही आवाज?"

"ढोल में कुछ सुनाई नहीं दे रहा."

मनात सारखं तेच चित्र. नाना पलंगावर, नळी नाकात, नळीतून काही येत नाही. मशीन बंद पडलं की आधी पीं पीं वाजतं. ते ऐकून नानांनी काय केलं असेल? ओरडले असतील? त्यांच्यात ओरडायला हवा कुठली? गळ्याशी हात नेला असेल, फोन चाचपायला. आणि फोन तिथं नव्हता, कारण त्यांना आरती बघायची होती.

आमच्या गल्लीत सगळ्या घरांत दिवे होते. आमच्याच घरात काळोख. साहू भैया हातात हातोडी घेऊन जाळीशी उभे होते, कुलूप वाकलं होतं पण तुटलेलं नव्हतं. मला किल्ली लागेना. शिशिरनी ती हिसकावून घेतली, दार उघडलं.

"बाबा!"

खोलीत पलंग रिकामा होता. शिशिर फोनचा उजेड मारत होते. उशी खाली पडलेली, पाण्याचा गडू लवंडलेला, फरशीवर ओलं. मशीन नव्हतं. मला काही सुचेना. मशीन जागेवर नाही, माणूस जागेवर नाही. पाण्यातून चाकांचे दोन ओले पट्टे दाराकडे गेले होते.

आणि मग मला ती घुरघुर ऐकू आली. स्वयंपाकघरातून.

नाना फ्रिजला पाठ टेकून फरशीवर बसले होते. बनियन घामानं चिंब, ओठ निळसर, डोळे मिटलेले. नळी नाकात. शेजारी मशीन चालू होतं आणि त्याची वायर फ्रिजच्या प्लगात होती. फ्रिजची वायर बाजूला पडली होती.

शिशिर त्यांच्यासमोर मटकन बसले आणि त्यांचे दोन्ही हात धरले. मी बोटाला लावायचं यंत्र आणलं. ऑक्सिजनचा आकडा कमी होता, पण आम्ही बघत असताना एकेकानं वर चढत होता. साहू भैयांनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आकडा चढतोय ना, मग हलवू नका, मी येतो. देवश्री दारात उभी राहून हुंदके देत होती. आत यायची तिची हिंमत होत नव्हती.

बऱ्याच वेळानं नानांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं.

"आरती झाली?"

"झाली, नाना." ती झाली नव्हती. पण काय सांगू?

"एक फेज गेला वाटते," ते म्हणाले. एका श्वासात दोन शब्द, मग थांबणं, मग पुन्हा दोन. "पंखा गेला. मशीन गेली. इन्व्हर्टरबी नाही लागला. पडून राहिलो, म्हटलं येईन लाईट. मग फ्रिजचा आवाज आला. म्हटलं, किचनमधला फेज चालू आहे. पलंगामागं हात जाईना, वायर उपटली अन् ढकलत आणली मशीन." त्यांनी हात हलवून चाकं दाखवली. "मंधात बसलो दोनदा. गाडी लेट झाली, पण आली."

शिशिर रडायला लागले. हसत होते की रडत होते, मला कळलं नाही.

देवश्री पुढे आली आणि नानांच्या पायाशी बसली. "नाना, फेज नहीं गया था," ती म्हणाली. "मेरी वजह से हुआ. आपका फोन मम्मी के साथ चला गया, तो ॲप को लगा घर में कोई नहीं है. उसने सब बंद कर दिया."

नाना ऐकत राहिले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. गार्डाचं डोकं ते, डबा मोजल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाही.

"घरात कोणी नाही म्हणून सगळं बंद केलं."

"हाँ, नाना."

"मग फ्रिज काहून चालू होता?"

शिशिरनी मान खाली घातली. देवश्रीनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर फिरवली. ती माझं नाव घेणार नव्हती. पोरगी सगळं स्वतःवर घेऊन मोकळी झाली होती, आणि मी सगळ्या रस्ताभर तिलाच शिव्या घालत आले होते.

"मी सांगितलं होतं, नाना," मी म्हणाले. "काय कधीच बंद करायचं नाही असं तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, फ्रिज. दूध नासेल म्हणून."

मी थांबले. पुढचं त्यांनी विचारावं, चारचौघांत विचारावं, असं मला वाटत होतं. माझं नाव काहून नाही सांगितलं सूनबाई, एवढंच. मी पाया पडायला तयार होते.

नानांनी मान वळवून मागच्या फ्रिजकडे बघितलं. हात मागे नेऊन त्याच्या दारावर थाप मारली.

"बरं केलं सांगितलं," ते म्हणाले. "तो चालू नसता, तर मी कुठं गेलो असतो?"

मग श्वास जमवून आणखी म्हणाले, "पण आता तो बंद आहे. दूध तापवून घे. नासेन."

मी फ्रिज उघडला. आतला दिवा लागला नाही. अंधारात चाचपत पातेलं काढलं, गॅसवर ठेवलं, आणि नानांकडे पाठ करून रडले.